कडकबाईंची दाढ

चढणीच्या रस्त्यावर, चढता चढता माणूस जिथे थांबून एकदा श्वास घेतो, नेमकी तिथे कडकबाईंची लाँड्री होती. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानातून वर जाणारा लाकडी जिना इतका उभा होता की उतरताना शिडीसारखं पाठमोरं उतरावं लागे. दुकानात पाय ठेवला की आधी वाफेचा वास यायचा, मग ओल्या सुताचा, आणि मग बाईंचा आवाज.

"चिठ्ठी?"

या नाही, बसा नाही. चिठ्ठी दाखवली की कपडे, नाही दाखवली तर आधी चार शब्द. त्यांना सगळे कडकबाई म्हणायचे. एक तर त्यांच्या हातची खळ अशी असायची की माणूस वाकला तरी कॉलर वाकत नसे. आणि दुसरं म्हणजे जीभ. हे नाव त्यांच्या कानावर होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "मऊ असते तर एव्हाना तुम्ही लोकांनी माझं पायपुसणं केलं असतं," असं त्या तोंडावर सांगायच्या.

त्यांच्या नवऱ्याला सगळे मालक म्हणत. "पाटीवर मालक, आत हमाल," असं ते स्वतःच म्हणायचे आणि भिजलेल्या चादरींचा टब उचलायचे. शांत माणूस. दुकानाच्या मागच्या दाराशी उभं राहून सिगारेट ओढणं एवढीच त्यांची चैन. धूर आत येतो म्हणून बाई ओरडायच्या, पण ते कपड्यांना वास लागतो म्हणून. तोच धूर आपल्याही छातीत जातो, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही.

बाईंची आई त्या लग्नाच्या वयाच्या असताना गेली. कपडे वाळत घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही. चाळिशी नुकतीच उलटली होती. आयुष्याची दोरी तेवढीच होती, असं सगळे म्हणाले. कशाने गेली हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगणारं कोणी नव्हतं. पुढे बाईंना मुलगी झाली. त्या बाळंतपणात त्यांचे पाय सुजले, रक्तदाब वाढला. आता दर वर्षी दाब बघत जा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण बाळ घरी आलं, पाय उतरले, दाबही उतरला. बाळंतपणातलं दुखणं बाळंतपणाबरोबर गेलं, असं सासूबाई म्हणाल्या. बाईंनाही तेच सोयीचं होतं. टब, इस्त्री, दुकान आणि तान्ही मुलगी, एवढ्यातून कोण जातंय दाब बघायला.

मालकांना हृदयाचा झटका आला तेव्हा लेकीचं लग्न होऊन काही वर्षं झाली होती. सकाळी चादर पिळताना त्यांचा हात लुळा पडल्यासारखा झाला. कपाळावर घाम आला. "जरा बसतो," एवढंच ते म्हणाले. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि हातातली बादली तशीच सोडून दिली. समोरून दुधाचा टेम्पो जात होता. त्या रस्त्याच्या मधोमध आडव्या उभ्या राहिल्या. टेम्पोवाला शिव्या देत थांबला. त्याच टेम्पोत, दुधाच्या क्रेटांवर मालकांना आडवं घालून त्यांनी दवाखाना गाठला.

हृदयाच्या नळीत स्टेंट टाकली. माणूस वाचला. "वेळेत आणलंत म्हणून," डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य बाईंनी पदकासारखं छातीवर लावलं.

त्यानंतर घरात राज्य बदललं. सिगारेटची पाकिटं उकळत्या टबात गेली. मिठाचा डबा सर्वांत वरच्या फळीवर गेला, जिथे मालकांचा हात पोचत नव्हता. बाई स्वतः बुटक्या, म्हणून स्टुलावर चढून तो काढायच्या, आणि चिमूटभर टाकून पुन्हा वर ठेवायच्या. मालकांना तळलेलं बंद. गोळ्या सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या, आणि गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मालकांनी उतारावरच्या बागेत चालायला जायचं. पाऊस असो, ऊन असो.

"अगं, गुडघा दुखतोय आज."

"गुडघा दुखून कोणी मेलेलं नाही. निघा."

मालक निघायचे. वाटेत कोणी भेटलं तर म्हणायचे, "झटक्यातून वाचलो, आता हिच्यातून वाचायचं आहे." पण चालायचे. वजन उतरलं, दम लागेनासा झाला, रक्तातली चरबी खाली आली. डॉक्टर म्हणाले की असा रोगी प्रत्येक डॉक्टरला आणि अशी बायको प्रत्येक रोग्याला मिळो.

तपासणीच्या दिवशी दोघं जोडीने जायची. डॉक्टरांच्या दाराबाहेर लांब बाक होता आणि बाकाच्या टोकाशी एका छोट्या टेबलावर नर्स दाब मोजायची. मालक आत गेले की बाई त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसायच्या. नर्सला मोकळा वेळ असला की ती म्हणायची, "बसल्याच आहात तर हात द्या इकडे. तुमचाही बघते."

"मला काय धाड भरलीय?"

"धाड सांगून येत नाही, ताई."

"आली तर इस्त्री फिरवीन तिच्यावरून."

बाकावरचे सगळे हसायचे. नर्सही हसायची आणि पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा गुंडाळायची. असं एकदा नाही, दर वेळी झालं. पट्टा हातभर अंतरावर होता. पण बाईंच्या मनात हिशेब पक्का होता. हृदय हे पुरुषांचं दुखणं. त्यातून सिगारेट ओढणाऱ्यांचं. बायकांना काय, कंबर आणि पित्त.

घरात त्या दोन पातेली ठेवायच्या. मालकांचं अळणी, स्वतःचं नेहमीसारखं. काल उरलेलं तळलेलं टाकवत नाही म्हणून त्याच खायच्या, उभ्या उभ्या, इस्त्री तापेपर्यंत. लेक एकदा म्हणाली, "आई, तूही जात जा बाबांबरोबर चालायला." तर म्हणाल्या, "दिवसभर पायांवर उभी असते, आणखी कशाला चालू?" उभं राहणं आणि चालणं यांत फरक आहे, हे मालकांच्या डॉक्टरांनी त्यांच्या देखतच मालकांना सांगितलं होतं. त्यांनी ते मालकांसाठी लक्षात ठेवलं होतं.

मग हळूहळू थकवा सुरू झाला. जिन्याच्या मध्यावर त्या थांबू लागल्या. झोप मोडू लागली. दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीत, कोणी मूठ दाबून धरल्यासारखं व्हायचं. इस्त्रीचं वजन, वय झालं, पाळी गेल्यापासून असंच आहे, अशी तीन-तीन उत्तरं त्यांच्याकडे तयार होती. दुखणं अंगावर काढायची सवय असलेल्या माणसाला उत्तरं कमी पडत नाहीत.

आणि मग दाढ दुखायला लागली.

डावीकडची, खालची. किडलेली होतीच. रस्त्याच्या वरच्या टोकाला दातांची एक डॉक्टर होती, तरुण, हुशार, बाईंची गिऱ्हाईक. तिचे पांढरे कोट बाईच धुवायच्या. तिने पाहिलं, ही ठेवण्यात अर्थ नाही म्हणाली, आणि दाढ काढली. आठवडाभर बाईंनी मऊ खाल्लं. हिरडी भरून आली. आणि एके दिवशी हॉटेलच्या चादरींचा भारा घेऊन चढण चढताना त्याच जागी, जिथे आता दाढ नव्हती, तिथे पुन्हा ठणका लागला. जबड्यातून कानापर्यंत गेला. भारा खाली ठेवून त्या कठड्याला टेकल्या, तसा थांबला.

पुन्हा तसंच झालं. पुन्हा झालं. शेवटी धुतलेले कोट पोचवायला म्हणून त्या वर गेल्या आणि खुर्चीत बसल्या.

"बाजूचीही काढून टाक. ठणकते."

डॉक्टरने आरसा घातला, प्रत्येक दातावर ठोकून पाहिलं. "इथे? इथे? गार लागतं? चावताना?"

"नाही."

"मग दुखतं कधी?"

"भारा घेऊन चढताना. जिना चढताना. उभी राहिले की थांबतं."

डॉक्टरने हातातलं हत्यार ताटलीत ठेवलं. खुर्ची सरळ केली.

"घाम येतो? मळमळतं?"

"वाफेत उभं राहून घाम येणार नाही तर काय येईल?"

"बाई, दाताला चढण कळत नाही," डॉक्टर म्हणाली. "हे दुखणं दाताचं नाही. छातीचं असू शकतं. आजच जा. मालकांच्या डॉक्टरांकडेच जा. मी फोन करते."

कडकबाईंनी पदराने तोंड पुसलं. "शुक्रवारी यांची तपासणी आहे. जायचंच आहे. तेव्हा दाखवते."

"शुक्रवार नको. आज. मी येते सोबत."

"बाहेर तुझे पेशंट गाल धरून बसलेत. त्यांचं बघ." दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या. "यांना काही बोलू नकोस. मी सांगते."

घरी आल्यावर मालकांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"दाढ ठीक आहे म्हणाली," बाईंनी सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

शुक्रवार आला नाही. त्याच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या चादरी द्यायच्या होत्या. ढीग टेबलाच्या वर गेला होता. दुपारी बाईंनी मालकांना फिरायला पिटाळलं. ते म्हणाले, "आज राहू दे. मीही हात लावतो. केवढ्या पडल्यात." बाई म्हणाल्या, "तुमचा हात लागला की घडीला दोन घड्या पडतात. जा तुम्ही." मालक गेले.

ते गेल्यावर काय झालं ते आम्हा रस्त्यावरच्या लोकांना पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळलं. एक गिऱ्हाईक आली होती, शाळेतली शिक्षिका. तिने पाहिलं तर बाई चादरींच्या गाठोड्यावर बसलेल्या. बाईंना बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा.

"बरं नाही का?"

"पित्त झालंय. चिठ्ठी?"

उठून त्यांनी कपडे काढून दिले. शिक्षिकेला वाटलं, खरंच, पित्तच असेल, आपल्यालाही होतं. लिंबूपाणी घ्या म्हणाली आणि गेली. तिची काही चूक नव्हती. आमच्यापैकी कोणीही असतं तर हेच म्हणालं असतं.

त्यानंतर बाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. एवढं भान त्यांना होतं. फोन दोन पावलांवर भिंतीला होता, तो त्यांनी उचलला नाही. रस्त्यावर येऊन हाक मारली नाही. नवऱ्यासाठी टेम्पोपुढे आडवी झालेली बाई स्वतःसाठी गाठोड्यावरून उठली नाही. जरा पडलं की उतरेल, असं त्यांना वाटत होतं, असं त्यांनी पुढे सांगितलं.

मालकांना त्या दिवशी चालताना बरं वाटत होतं. हवा छान होती. बागेला त्यांनी एक फेरी जास्त मारली. घरी जाऊन हे सांगायचं, बाई खूश होतील, असा विचार करत ते चढण चढून आले. आल्यावर त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. गाठोड्यावर बाई कलंडलेल्या होत्या, जाग्या होत्या, अंग गार आणि ओलं, ओठ निळसर. "दाढ," एवढंच त्या म्हणाल्या आणि जबड्यावर हात ठेवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी धावपळ केली. नळी घातली, अडथळा काढला. मग बाहेर येऊन मालकांना एका बाजूला घेतलं. जीव वाचला, ते म्हणाले. पण फार वेळ गेला होता. हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग रक्ताविना मेला होता, आणि मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. तपासण्या आल्या तेव्हा आणखी कळलं. दाब वाढलेला होता आणि तो आजकालचा नव्हता, मूत्रपिंडावर त्याच्या जुन्या खुणा होत्या. साखरही वाढलेली होती. कित्येक वर्षांपासून असणार, डॉक्टर म्हणाले. "कधी मोजला नव्हता का?"

 मालक नर्सच्या टेबलाशेजारच्या बाकाकडे पाहत राहिले.

संध्याकाळी दातांची डॉक्टर धावत आली. मालकांना पाहून तिला रडूच फुटलं. "मी सांगितलं होतं त्यांना. सोमवारीच सांगितलं होतं. आजच जा म्हटलं होतं."

"कोणाला सांगितलं होतं?"

"बाईंना."

 दोन दिवसांनी बाईंना अतिदक्षता विभागातून बाहेर आणलं, तेव्हा मालक खाटेशेजारी बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही घाबरला असता." बाईंना मध्ये श्वास घ्यावा लागला. "घाबरणं तुमच्या हृदयाला चांगलं नाही."

मालक उठून बाहेर गेले. व्हरांड्यात भिंतीला तोंड करून उभे राहिले. लेक जवळ गेली तर म्हणाले, "मी एक फेरी जास्त मारली गं." त्यानंतर ते पुष्कळ दिवस हे एकच वाक्य बोलत होते, भेटेल त्याला, संदर्भ सोडून.

बाई घरी आल्या, पण ज्या गेल्या होत्या त्या आल्या नाहीत. जिना त्यांना बंद झाला. दुकानाच्या मागच्या अंगाला, जिथे टब होते, तिथे खाट टाकली. आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून तीन उशांना टेकून बसून झोपायचं. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं. वजन वाढलं तर ते जेवणाचं नाही, अंगात साठलेल्या पाण्याचं. पाणी मोजून प्यायचं. मीठ जवळजवळ बंद. सगळं आयुष्य पाण्यात हात घालून काढलेली बाई, आणि आता तांब्याकडे बघत बसायची.

मालकांनी एकट्याने टब उचलणं शक्य नव्हतं. हॉटेलचं काम गेलं. फक्त इस्त्री राहिली. मालक इस्त्री करायचे आणि बाई खुर्चीतून बघायच्या. घडीला दोन घड्या पडायच्या. पूर्वी त्या किंचाळल्या असत्या. आता "अहो" म्हणून दम खायच्या, आणि पुढचं वाक्य येईपर्यंत मालकांनी ती घडी मोडून नवी घातलेली असायची.

गिऱ्हाइकांशी त्या पूर्वीइतकं बोलत नव्हत्या. पण एक नवीनच खोड लागली होती. कोणी बाई दुकानात आली की विचारायच्या, "दाब मोजलास?" ती हसली की म्हणायच्या, "हसू नकोस. मीही हसले होते." काही जणी गेल्या मोजायला. बऱ्याच जणी गेल्या नाहीत. काहींनी कपडे द्यायला नवऱ्याला पाठवायला सुरुवात केली. रोज कोण ऐकणार?

खरा झगडा झाला तो लेकीशी. लेक एका कचेरीत होती, दिवसभर खुर्चीत, दोन मुलं, घर, येण्या-जाण्यात जीव अर्धा. तिच्याही दुसऱ्या बाळंतपणात पाय सुजले होते. ती दर रविवारी आईला भेटायला यायची. एका रविवारी बाईंनी तिचा हात धरला.

"तू तपासून घेतलंस?"

"घेते गं. या महिन्यात कामं आहेत. वेळच मिळत नाही."

"मलाही मिळत नव्हता. आता बघ. वेळच वेळ आहे."

"आई, मला काही होत नाहीये. उगीच कशाला..."

"मलाही काही होत नव्हतं." बाई थांबल्या. श्वास आला तेव्हा पुढे बोलल्या. "माझी आई कपडे वाळत घालताना गेली. मी गाठोड्यावर बसले. तू कुठे बसायचं ठरवलंयस?"

लेकीने हात सोडवून घेतला. "असं बोलतात का?" म्हणून उठली, आणि दोन रविवार आलीच नाही. मालक म्हणाले, "काय गरज होती इतकं टोचून बोलायची?" बाई म्हणाल्या, "गोड बोलून नर्सने काय साधलं माझ्यापाशी?"

तिसऱ्या रविवारी लेक आली. गळाभेट नाही, माफी नाही. दारात उभी राहून म्हणाली, "उद्या सुट्टी काढलीय. पण मला एकटीला भीती वाटते." तेव्हा बाईंना कळलं की पोरीला वेळ नव्हता असं नाही. तिला उत्तर नको होतं. आई अशी बसून झोपते हे पाहिल्यापासून ती घाबरली होती, आणि न मोजलेला दाब म्हणजे नसलेला दाब, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

"मी येते," बाई म्हणाल्या.

मालकांनी नको म्हणून पाहिलं. पण त्या निघाल्या. रिक्षातून उतरून दवाखान्याच्या चार पायऱ्या चढायला त्यांना किती वेळ लागला ते सांगण्यात अर्थ नाही. लोक बाजूने चढून गेले, काम आटोपून उतरूनही आले. लेक म्हणाली, "आई, परत जाऊ." बाईंनी मान हलवली.

टेबलाशी तीच नर्स होती. तिने बाईंकडे पाहिलं आणि लेकीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. एकदा मोजलं. थोडं थांबून दुसऱ्या हाताचं मोजलं. मग पुन्हा मोजलं. रक्त घेतलं. डॉक्टरांनी आत बोलावलं. दाब चांगलाच वाढलेला होता. साखर काठावर होती. चरबी जास्त. आईची आणि आजीची हकीगत ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नीट बसून सगळं समजावलं. हृदयाला अजून इजा नव्हती. गोळी रोजची, कायमची म्हणून समजा. मीठ कमी, चालणं रोजचं, झोप पुरेशी, आणि दर तीन महिन्यांनी इथे येऊन दाखवणं.

लेक बाहेर आली ती रडतच. बाईंनी तिला शेजारी बसवलं.

"निघालं ना?"

"निघालं."

"बरं झालं."

"बरं झालं काय, आई!"

"सापडलं ते बरं झालं," बाई म्हणाल्या. "माझं सापडलं नाही. इथेच बसून होते."

हे झाल्यावर त्या आणखी वर्षभर होत्या. ते वर्ष चांगलं गेलं असं म्हणता येत नाही. दोनदा छातीत पाणी भरून दवाखान्यात राहावं लागलं. पाय सुजून कातडी ताणली जायची, चकाकायची. भूक गेली. शेवटी शेवटी मालक त्यांना कापसाने ओठ ओले करून द्यायचे. चिडायचीही ताकद नव्हती, आणि तेच मालकांना सगळ्यात जड जात होतं. "एकदा ओरड गं माझ्यावर," ते म्हणायचे. तिसऱ्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा सकाळी डॉक्टरांची फेरी व्हायच्या आधी त्या गेल्या. लेक तोंड धुवायला उठली होती. मालक हात धरून होते, त्यांनाही लगेच कळलं नाही.

दुकान बंद झालं. मालक वरच्या खोल्यांत राहायला गेले, एकटे. लेकीने चल म्हटलं, पण ते गेले नाहीत. लोकांना वाटलं, सावरले. भेटले की बरं चाललंय म्हणायचे. लेक एकदा कपाट आवरायला आली, तर खणात गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. बाई गेल्या त्या आठवड्यापासूनची. एकही फोडलेली नव्हती.

"बाबा, हे काय?"

मालक खिडकीशी बसले होते. "कोणाला तोंड उघडून दाखवू?"

 लेकीच्या तोंडून जे निघालं ते तिच्या आईच्याच आवाजात निघालं. "तिने तुम्हाला जगवायला स्वतःकडे पाहिलं नाही. आणि तुम्ही ते गटारात घालताय? मग तिने कशासाठी केलं एवढं?"

"कोणी सांगितलं होतं तिला करायला?" मालक ओरडले. ते कधी ओरडत नसत. "मी सांगितलं होतं? पन्नास वेळा म्हटलं, तूही चल, तूही मोजून घे. ऐकलं तिने? ऐकलं कधी?"

आणि मग ते रडले. बाई गेल्या त्या दिवशी रडले नव्हते. लेक शेजारी जमिनीवर बसली.  बाहेर अंधारून आलं तेव्हा तिने पाणी आणलं, गोळी फोडून हातावर ठेवली, आणि पिशवीतून स्वतःचीही काढली.

"मला एकटीला आठवण राहत नाही," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी मी फोन करीन. दोघं एकदमच घेऊ."

मालकांनी गोळीकडे बराच वेळ पाहिलं. मग घेतली.

आता ते घेतात. आवडीने नाही, कर्तव्य म्हणून घेतात. चालायलाही जातात, पण बागेत नाही, दुसऱ्या रस्त्याने. लेकीचा दाब आटोक्यात आला आहे. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तिची गोळी अर्धी केली. तिच्या धाकट्या नणंदेलाही तिने ओढून नेलं, तिचं काही निघालं नाही. कडकबाईंच्या गोष्टीत चांगलं म्हणावं असं एवढंच आहे.